कॅलेंडर भरलेलं असतं, पण शुक्रवारी रात्री हातात लेख नसतो. नियमित ब्लॉग लिहिणारे नियोजन कसं करतात?

ध्रुवमत्स्य

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी आकाशनिरीक्षणावर ब्लॉग लिहिते आहे. दर शनिवारी सकाळी एक लेख, हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पहिली दोन वर्षं जमलं. तिसऱ्या वर्षी दांड्या सुरू झाल्या आणि आता महिन्यातून दोन शनिवार तरी चुकतात.

आळस म्हणावा तर तसं नाही. विषय संपले म्हणावं तर तेही नाही, विषयांची यादी दोन पानं भरून आहे. भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे, त्यावर रंगीत खुणा आहेत. तरीही शुक्रवारी रात्री अकरा वाजता मी कोऱ्या पानासमोर बसलेली असते.

गेल्या डिसेंबरातलं सांगते. मिथुन राशीतला उल्कावर्षाव, म्हणजे जेमिनिड्स, दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री ऐन भरात असतो. तारीख जवळजवळ हलत नाही. माझ्या कॅलेंडरवर ती ऑक्टोबरपासून लाल शाईत होती. माझा लेख आला १६ तारखेला. खाली एका आजोबांची प्रतिक्रिया होती: "नातीला उल्का दाखवायची होती. आधी कळलं असतं तर दोघं जागलो असतो." ते वाक्य अजून टोचतं.

नोकरी आणि घर सांभाळून वर्षानुवर्षं नेमाने लिहिणारे इथे बरेच आहेत. तुम्ही काय करता ते बारकाव्यानिशी सांगाल का? ॲप कोणतं हे दुय्यम आहे. प्रत्यक्षात कुठल्या दिवशी काय करता, ते हवंय.

---

शाईदौत

तुमच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात "उल्कावर्षाव" एवढंच लिहिलेलं असणार. बरोबर? मीही अनेक वर्षं असंच लिहीत होतो.

त्या एका शब्दात किती कामं दडलीत ते बघा. यंदा त्या रात्री चंद्र कधी मावळतो हे पाहायचं. नकाशा काढायचा. मागच्या वर्षीचा लेख वाचायचा, म्हणजे तेच ते पुन्हा येणार नाही. फोटो कुणाचा वापरायचा असेल तर त्याला विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. मग मसुदा, मग एक दिवस बाजूला ठेवून पुन्हा वाचन. ही सगळी कामं तुम्ही शुक्रवारी रात्री अकराला एकदम सुरू करताय.

मी उलटं मोजतो. लेख वाचकाच्या हातात कधी पडायला हवा ते आधी ठरवायचं. तुमच्या बाबतीत १३ डिसेंबर ही लेखाची तारीख नव्हेच, ती उल्कांची तारीख झाली. आजोबांना नातीला बोलवायचं असेल तर लेख निदान आठवडाभर आधी हवा. म्हणजे ५ किंवा ६ डिसेंबर. तिथून मागे येत प्रत्येक कामाला स्वतःचा दिवस द्यायचा. फोटोसाठी विचारणा २० नोव्हेंबरला, कारण उत्तर कधी येईल ते आपल्या हातात नसतं. जे काम दुसऱ्यावर अवलंबून आहे ते सगळ्यात आधी.

दुसरी गोष्ट शिल्लक. मी लहान मुलांच्या गणितावर लिहितो, दर पंधरा दिवसांनी. चार लेख कायम पूर्ण तयार असतात. पूर्ण म्हणजे चित्रासकट, शीर्षकासकट, फक्त बटण दाबायचं बाकी. शिल्लक दोनवर आली की नवा विषय हातात घेत नाही, आधी शिल्लक भरतो. या चारांत तारखेला बांधलेला एकही लेख नसतो. "शून्य म्हणजे काहीच नाही, मग ते लिहायचं कशाला?" हा लेख कुठल्याही महिन्यात चालतो. तुमच्याकडेही असे असतील. पहिली दुर्बीण कशी निवडावी, तारे का लुकलुकतात, ध्रुवतारा कसा शोधावा.

मागच्या वर्षी मी सात आठवडे अंथरुणावर होतो. ब्लॉग एकदाही चुकला नाही आणि वाचकांना कळलंही नाही.

---

पानगळ

शाईदौत यांचं पटतं, पण मला एक शंका मनापासून मांडायची आहे.

मी रोजच्या जगण्यावर लिहिते. ठरवून लिहिलं की माझं लिखाण कोरडं होतं, हा अनुभव आहे. आई आजारी असताना रात्री तिच्या उशाशी बसून मी एक लेख लिहिला आणि पहाटे तसाच चढवला. दहा वर्षांत सगळ्यात जास्त पत्रं त्याच लेखाला आली. तो कुठल्या चौकोनात बसला असता? चार लेख तयार करून ठेवायचे म्हणजे दोन महिन्यांपूर्वीची मी आज बोलणार. मला ते वाचकांशी खोटं वागल्यासारखं वाटतं.

---

शाईदौत

पानगळ, तो लेख मी वाचलेला आहे आणि अजून आठवतो. असा लेख आला की माझीही रांग मोडते, तो पुढे जातो आणि रांगेतला लेख पंधरवडाभर मागे सरकतो. शिल्लक आहे म्हणूनच हे विनासायास होतं. एक विचारू? त्यानंतर तुमचा पुढचा लेख कधी आला होता?

---

पानगळ

साडेचार महिन्यांनी. आणि तोपर्यंत रोज अपराधी वाटायचं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

---

रात्रपाळी

मी रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करतो. आठवड्याचे वार मला लागूच पडत नाहीत, त्यामुळे "दर रविवारी लिहा" हा सल्ला माझ्या उपयोगाचा नव्हता. मला ज्याने हात दिला ते सांगतो.

आधी हे कबूल केलं की माझा वेळेचा अंदाज चुकतो. माझाच नव्हे, बहुतेकांचा चुकतो. डॅनियल कानमन आणि ॲमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या चुकीला "प्लॅनिंग फॅलसी" (नियोजनातली गफलत) असं नाव दिलं होतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिनसलं तर किती लागतील, यावर उत्तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. म्हणजे त्यांनी वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला.

हे वाचल्यावर मी तीन महिने घड्याळ लावून नोंद ठेवली. लेखाला दोन तास लागतात अशी माझी पक्की समजूत होती. एका लेखाची नोंद जशीच्या तशी देतो:

मसुदा: २ तास १० मिनिटं
फोटो निवडणं, कापणं, खालच्या ओळी: ५५ मिनिटं
दोन आकडे तपासणं: ४० मिनिटं
दुसरं वाचन आणि दुरुस्ती: १ तास ५ मिनिटं
शीर्षक: २५ मिनिटं
चढवणं, दुवे तपासणं, मोबाइलवर कसं दिसतं ते बघणं: ३० मिनिटं

बेरीज पावणेसहा तास. दोन तासांची जागा ठेवून पावणेसहा तासांचं काम करायला बसलो तर अपयश ठरलेलंच. आता मी लेखाला सहा तास धरतो आणि ते चार बैठकांत वाटतो. एका पाळीनंतर दमलो असेन तर फोटोंच्या ओळींसारखं हलकं काम घेतो. मसुदा फक्त सुट्टीच्या सकाळी.

दुसरी सवय याहून मोलाची ठरली. प्रत्येक बैठक उठताना फाइलच्या अगदी वर एक ओळ लिहितो: पुढे काय करायचं. "लेख पूर्ण करणे" असं लिहायचं नाही. "तिसऱ्या परिच्छेदात जखम धुण्याचा क्रम उलटा झालाय, तो नीट कर" असं लिहायचं. पाच दिवसांनी फाइल उघडली तरी पहिल्या मिनिटाला हात चालू होतात. आणि त्या पाच दिवसांत लेख डोक्यात भुणभुण करत नाही. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये हेच दाखवलं होतं: अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं पुढे न्यायचं हे नेमकं ठरवलं, तर काम पूर्ण न होताही घोळणं थांबतं. रुग्णांजवळ असताना माझं डोकं मोकळं असणं गरजेचं आहे, म्हणून मला याची किंमत फार.

---

ध्रुवमत्स्य

रात्रपाळी, तुमचा तक्ता दोनदा वाचला. शीर्षकाला २५ मिनिटं! मला वाटायचं मीच एकटी शीर्षकावर अडून बसते.

शाईदौत, उलटं मोजण्याचं आज रात्रीच करून बघते. पण एक अडचण आहे. विषयांची यादी दोन पानांची असूनही त्यातून बैठक सुरू होत नाही. यादी उघडते, वाचते, मिटते.

---

कोराकागद

यादीतल्या चार-पाच नोंदी इथे जशाच्या तशा टाकाल का? काही न सुधारता.

---

ध्रुवमत्स्य

टाकते.
"शुक्र – दिवसा?"
"आजीचं वाक्य, चंद्र"
"प्रकाश प्रदूषण"
"ग्रहण २०२७!!"
"सावली"

---

कोराकागद

"सावली" म्हणजे काय लिहायचं होतं?

---

ध्रुवमत्स्य

आठवत नाही. खरंच आठवत नाही.

---

कोराकागद

माझ्या वहीची पहिली तीन वर्षं अशीच होती. सुचलं त्या क्षणी एक शब्दही पुरेसा वाटतो, कारण बाकीचं तेव्हा डोळ्यासमोर असतं. दोन महिन्यांनी शब्द उरतो आणि बाकीचं गेलेलं असतं.

आता मी नोंद करताना तीन गोष्टी लिहितो, त्याखेरीज वही मिटत नाही. एक, मला नेमकं काय सांगायचंय, पूर्ण वाक्यात. दोन, हे कशावरून सुचलं: कुणाशी बोलताना, काय बघताना. तीन, लेखात नक्की येणारा एक तपशील. मिळून दोन मिनिटं लागतात. रस्त्यात असलो तर मोबाइलमध्ये बोलून ठेवतो आणि त्याच रात्री वहीत उतरवतो. दुसऱ्या दिवसावर टाकलं की तेही सुकतं.

तुमची शुक्राची नोंद अशी असती: "शुक्र भर दिवसा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो हे बहुतेकांना माहीत नसतं, ते कसं शोधायचं ते सांगायचंय. चंद्रकोर शेजारी असताना मला अचानक दिसला तेव्हा सुचलं. सूर्य एखाद्या भिंतीआड ठेवूनच बघायचं, हे ठळक." यातून लेख सुरू करणं किती सोपं आहे बघा.

समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० टिपणकार्डं लिहिली. प्रत्येकावर क्रमांक आणि संबंधित कार्डांचे क्रमांक. तेवढं आपल्याला नको, पण जुन्या नोंदीशी नव्या नोंदीचं नातं लिहून ठेवायची सवय मी तिथून घेतली. तीन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या की लेखमालाच तयार होते.

आणि महिन्यातून एकदा यादी छाटतो. वर्षभर जिच्याकडे बघून हात शिवशिवले नाहीत ती नोंद काढून वेगळ्या वहीत. लांबलचक यादी बघूनच दमायला होतं.

---

अनुक्रमणिका

मी उशिरा आले. मसुद्यांबद्दल बोलणं झालंय, मी फायलींबद्दल लिहिते. पेशाने ग्रंथपाल आहे, त्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

प्रत्येक लेखाला स्वतंत्र फोल्डर, आणि नावाची सुरुवात तारखेने: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. "२०२६-१२-०५-उल्कावर्षाव" असं. दिवस आधी लिहिला तर संगणक सगळ्या महिन्यांच्या ५ तारखा एकत्र रचतो. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. "अंतिम", "अंतिम२", "खरंच अंतिम" ही नावं कायमची बंद करा. मसुदा १, मसुदा २, बस्स.

फोटो उतरवून घेतला त्याच क्षणी तो कुठून घेतला, कुणाचा, वापराची परवानगी काय, हे त्याच फोल्डरमधल्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहायचं. नंतर शोधायला गेलं की तासभर जातो आणि पुष्कळदा सापडतही नाही. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण माझ्या ब्लॉगवरून मला एकदा बारा लेखांतली चित्रं काढावी लागली. कुणी तक्रार केली नव्हती. चित्रकाराचं नाव मला देता येईना म्हणून मीच काढली.

वेळ लावून ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये टाइम झोन तपासा. तो यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहिला असेल तर सकाळी सातला लावलेला लेख तुमच्या घड्याळाप्रमाणे काही तास पुढेमागे येईल. आणि वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या प्रणालीत मुळातली व्यवस्था अशी आहे की ठरवून ठेवलेली कामं कुणीतरी साइटला भेट दिली की तपासली जातात. पहाटे पाचची वेळ लावली आणि सातपर्यंत कुणी फिरकलंच नाही, तर लेख सातच्या सुमारास चढतो. नव्या ब्लॉगच्या बाबतीत हे सहज घडतं. म्हणून वाचक येण्याची जी वेळ आहे तीच लावावी.

जुन्या लेखांसाठीही कॅलेंडरमध्ये जागा ठेवा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तुमच्या चार वर्षांच्या लेखांतले कितीतरी दुवे आज मेलेले असतील. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाच जुने लेख उघडते, दुवे तपासते, चुका दुरुस्त करते. अर्धा तास. त्याच दिवशी सगळ्या ब्लॉगची प्रत उतरवून एक संगणकावर आणि एक बाहेरच्या डिस्कवर ठेवते.

---

पानगळ

काल रात्रभर या धाग्याचा विचार करत होते. चार लेख साठवणं माझ्याकडून होईल असं वाटत नाही. पण रात्रपाळींची फाइलच्या वरची ओळ आणि कोराकागद यांच्या तीन गोष्टी यांत ठरवून लिहिल्याचा कोरडेपणा नाही, उलट जे जाणवलं ते जपून ठेवलं जातं. आईच्या उशाशी बसून लिहिलेल्या लेखाआधी मी कितीतरी रात्री तिच्याजवळ बसले होते. त्या रात्रींतलं काहीच लिहून ठेवलं नाही, आणि आता ती नाही.

एक वही आणली आहे.

---

शाईदौत

पानगळ, वाचून थांबलो. वही जपा. साठा-बिठा सगळं राहू दे, आणि मोठा खंड पडणार असेल तेव्हा ब्लॉगवर दोन ओळी टाका: "काही महिने लिहिणार नाही, परत येईन." वाचक थांबतात. न सांगता गेलेल्या माणसाचीच काळजी लागते.

---

ध्रुवमत्स्य

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. काय केलं ते सांगायला हवंच.

आधी घड्याळ लावून दोन लेख लिहिले. माझा लेख सात तासांचा निघाला, त्यातले दोन तास नुसते नकाशांचे. नोकरीच्या आठवड्यात माझ्याकडे लिखाणाला साडेतीन-चार तासांच्या वर नाहीत. म्हणजे दर शनिवारचा शब्द मी पाळूच शकत नव्हते, आणि दोन वर्षं स्वतःला दोष देत होते. एक आड एक शनिवार असं जाहीर करून टाकलं. आठ प्रतिक्रिया आल्या, एकानेही तक्रार केली नाही.

शिल्लक सध्या दोन. "तारे का लुकलुकतात" पूर्ण आहे, "पहिली दुर्बीण"ला नकाशे लागत नाहीत म्हणून तोही भराभर झाला.

मग "ग्रहण २०२७!!" ही नोंद उलगडली. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून जाणार आहे आणि इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास अवस्था ६ मिनिटं २३ सेकंदांपर्यंत असेल. आधीच्या सवयीने मी जुलैअखेरीस एक मोठा लेख लिहिला असता. उलटं मोजल्यावर कळलं की हे तीन वेगवेगळ्या वाचकांसाठी तीन लेख आहेत. प्रवास करून जाऊ इच्छिणाऱ्यांना मार्गाचा नकाशा किमान सहा महिने आधी हवा, म्हणून तो जानेवारीत. डोळ्यांच्या सुरक्षिततेचा जूनच्या पहिल्या आठवड्यात, कारण सूर्याकडे बघण्यासाठीचे, आयएसओ १२३१२-२ या मानकाचे चष्मे ऐन वेळी मिळत नाहीत. आणि घरूनच खंडग्रास बघणाऱ्यांसाठी वेळांचा छोटा लेख आठवडाभर आधी. तिन्हींचे फोल्डर तारखेसह तयार आहेत. अनुक्रमणिका, तुम्हाला बघून बरं वाटेल.

पानगळ, तुमच्यामुळे "आजीचं वाक्य, चंद्र" ही नोंद पूर्ण केली. वाक्य आठवलं. ते लिहून ठेवलंय, लेख कधी करेन ते ठरवलेलं नाही.

"सावली" मात्र गेली ती गेलीच.

---

रात्रपाळी

आणि आजोबा?

---

ध्रुवमत्स्य

त्यांच्या प्रतिक्रियेखाली काल उत्तर लिहिलं. यंदा ९ डिसेंबरला अमावस्या आहे, त्यामुळे १३ च्या रात्री चंद्राची बारीक कोर लवकर मावळेल आणि उरलेली रात्र काळोखी मिळेल. नातीला दुपारी झोपवा आणि रात्री दहानंतर बसा, असंही लिहिलंय. लेख ५ डिसेंबरला येईल. फाइलच्या वर आत्ता ही ओळ आहे: "फोटोसाठी विचारणा पाठव. नकाशात मिथुनेतले कॅस्टर आणि पोलक्स हे दोन तारे मोठ्या अक्षरात, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता यावेत असे."